भिलाई : पोलादाआधीचे गाव

नागपूरहून हावड्याकडे जाणारी आगगाडी दुर्ग ओलांडते आणि लगेच भिलाई लागते. शिवनाथ व खारून या नद्यांमधला हा सपाट, भातशेतीचा मुलूख. १९५५ पर्यंत भिलाई येथील एक लहानसे खेडेच होते.

येथील पोलादाच्या कथेचा एक धागा मात्र नागपुरात सापडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा सरकारी भेटीसाठी तेथे आले होते. हाताशी वेळ होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भाच्या नकाशात दुर्गचा प्रदेश गडद रंगविलेला होता. तो रंग लोहखनिजाचा! पुढे दल्लीच्या टेकडीवर चढताना पायाखालचा खडक धातूसारखा खणखणला म्हणतात. पण लोखंड असून काय उपयोग? जवळ योग्य कोळसा नव्हता, पाणी अपुरे होते. टाटांचा कारखाना साकचीला गेला.

पुढे १९२१ मध्ये तांदुला जलाशय तयार झाला. चुनखडी नंदिनीला होतीच. कोळसा रेल्वेने दुरून आणता येत होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. दल्ली-राजहऱ्याचे खनिज अखेर कामी आले. त्यासाठी आसपासच्या अनेक खेड्यांना मात्र आपली शेते द्यावी लागली.

भिलाईस गेलात, तर जवळचे देवबलोदा गाव चुकवू नका. कलचुरींच्या काळातील तेथील शिवमंदिराला शिखर नाही. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते.