निवळ

मेणबत्ती लावताना सून म्हणाली, "अण्णा, या वेळी मी ओतू का?" मी ऐकलं नाही.

वाईनची बाटली २०१० च्या हंगामातली, उरलेल्या दोनांपैकी एक. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसानं नाशिकच्या बागा झोडपल्या, कोवळ्या घडांचे हाल झाले. त्यातून वाचलेलं कॅबर्ने सोव्हिन्याँ मी वाड्याच्या बळदात आडवं ठेवलं. मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असले की आत सव्वीस. पंधरा वर्षांची म्हणून मिरवतो खरा, पण एवढ्या उष्म्यात ती कधीच म्हातारी झालेली.

दोन दिवस उभी ठेवून गाळ तळाशी बसवला. बूचही धड निघालं. माझी पंचाईत पुढेच असते. भांड्यात ओतताना मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या खांद्यापाशी धुरासारखी एक रेघ सरकत येते. तिथे थांबायचं. आधी थांबलात तर पेलाभर चांगली वाईन आत अडकते. उशीर केलात तर भांडंभर कडू रवा. आणि मध्ये दम खायची सोय नाही: बाटली जरा सरळ केली की आतली लाट उलटते, गाळ उठतो. आयुष्यभर मला त्या रेघेचाच नाद. चवीचं काय, कोणीही सांगतं.

हल्ली टेस्टिंग रूममधली पोरं जुनी बाटलीही भांड्यात भडाभडा रिकामी करतात. म्हणे, हवा लागू द्या! अहो, वीस मिनिटांत तिचा वास उडतो, हवा कसली लावता? फिरकीच्या झाकणांवरही माझा राग आहे. झाकणं चांगलीच आहेत. फक्त त्यांच्यापायी माझा बूच काढायचा दोन पात्यांचा चिमटा कोणाला दाखवता येत नाही.

तर रेघ दिसली. मी थांबलो, हात थांबला नाही. दिवाळीपासून तो थरथरतो.

विटकरी रंग डोळ्यांदेखत गढुळला. पुन्हा निवळू द्यावी तर वास जाणार. तशीच प्यायलो. आधी आमसूल, मग जुनी सुपारी, शेवटी दातांखाली कचकच. पाहुण्यांना म्हणालो, "गाळ मुद्दाम थोडा येऊ दिलाय, जुन्या वाईनची तीच मजा." त्यांनी माना डोलावल्या. सून मेणबत्तीचं मेण खरवडत राहिली.

परवा ती स्वयंपाकघरात ताकावरची निवळ ओतत होती. खालचं ताक जराही हललं नाही. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.