अज्ञात कलाकार

आमच्याजवळ आयपॉड आहे, असे आता कोणास सांगितले तर ऐकणारा आमच्याकडे अशा नजरेने पाहतो, जणू आमच्या घरी अजून जात्यावर दळण होते. त्या नजरेत थोडे कौतुक असते, थोडी कीव. या यंत्राचा 'क्लासिक' हा प्रकार २०१४ च्या सप्टेंबरात विक्रीतून गेला आणि २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड या नावाचे शेवटचे उत्पादनही बंद झाले. आमचा क्लासिक मात्र चालू आहे. मध्यंतरी एकदा बॅटरी बदलून आणली. पाठीचा आरशासारखा पोलादी पत्रा आमच्याच खिशातील किल्ल्यांनी खरवडून निघाला आहे, त्यात आता तोंड दिसत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर ही काही तक्रार करण्याजोगी गोष्ट राहत नाही.

२०१० साली वेतन आयोगाची थकबाकी हाती आली, तेव्हा आम्ही तो घेतला. पैठणात त्या काळी गाणी ऐकायची ती मोबाइलच्या कार्डात दुकानातून भरून आणून. अशा गावात मराठीच्या एका मास्तराने निम्म्या पगाराचे यंत्र केवळ गाणी ऐकण्यासाठी घ्यावे, हे आमचे आम्हालाच सांगण्यास अवघड जात होते. घरी किंमत निम्मीच सांगितली. स्वयंपाकघरातील फडताळाचे काम त्या वर्षी पुढे ढकलले गेले आणि पुढे बरीच वर्षे ढकललेच गेले. या अपराधाचे स्मरण आम्हाला फडताळाकडे पाहून होते, यंत्राकडे पाहून होत नाही.

कारण यंत्र खरोखर देखणे आहे. समोरच्या गोल चकतीवर अंगठा फिरवावा, टिकटिक असा बारीक आवाज होत यादी सरकत जावी, हव्या त्या नावापाशी अंगठा थांबावा. जपमाळ ओढणाऱ्याला हे सुख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आत १६० जीबीची चिमुकली हार्डडिस्क आहे. रात्री यंत्र कानाशी नेले तर नवे गाणे सुरू होण्याआधी ती जागी होऊन फिरू लागल्याची चाहूल लागते. चाळीस हजार गाणी मावतील, असे कंपनीचे म्हणणे होते. एक गाणे चार मिनिटांचे धरले तर दिवसरात्र ऐकत बसूनही १११ दिवस लागावेत. आमची गाणी तीन हजारांच्या पुढे कधी गेली नाहीत. रिकाम्या कोठारात राहण्याची सवय झाली आहे.

कानात बोंडे घालून गोदावरीच्या घाटावर बसणे हा मात्र या गावात उघडउघड उद्धटपणा होता. इथले गाणे टाळकऱ्यांचे. एकाने चरण म्हणावा आणि वीसजणांनी ध्रुपद उचलावे, ही इथली रीत. एकट्याने ऐकण्याचा हा संकोच यंत्रे बनवणाऱ्यांनाही एकेकाळी होता. सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा त्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे ठेवली होती आणि एक नारिंगी बटणही. ते दाबले की गाणे हलके होई व दोघा ऐकणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येई. एकट्याने ऐकणे असभ्य दिसेल, अशी धास्ती अकिओ मोरिता यांना वाटली होती. लोकांना तशी धास्ती मुळीच वाटत नव्हती, हे लवकरच दिसून आले. आमच्या यंत्राला छिद्र एकच आहे.

असो. खरी अडचण ऐकण्यात नव्हती, गाणी रचून ठेवण्यात होती. संगणकावरून गाणी यंत्रात चढवताना प्रत्येकापुढे काही रकाने भरावे लागतात: शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार. श्रीधर फडके यांच्या चालीवर सुरेश वाडकरांनी गायिलेले नाथांचे अभंग घेतले. कलाकार या रकान्यात वाडकर बसले, संगीतकार या रकान्यात फडके बसले. नाथांना कोठे बसवावे? ज्यांची वाणी, त्यांनाच जागा नाही. आम्ही काही दिवस नाथांना संगीतकार करून पाहिले. तेव्हा फडके घराबाहेर पडले, आणि राम फाटक यांच्या चालींचे भीमसेनांचे अभंग आले तेव्हा फाटकही. आमच्या पिढीला आकाशवाणीने गीत, संगीत आणि गायक अशी तिन्ही नावे ऐकण्याची सवय लावली होती. इथे गीतकार नावाचा मनुष्यच नाहीसा झाला होता.

खोलात गेल्यावर कळले की हा दोष एका यंत्राचा नाही. एमपी-थ्री फाइलीला नावगाव चिकटवण्याची 'आयडी-थ्री' नावाची पद्धत १९९६ साली एरिक केम्प या गृहस्थाने सुचवली. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची जागा: शीर्षकाला तीस, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, वर्षाला चार, शेऱ्याला तीस, गाण्याच्या प्रकाराला अवघा एक. प्रकारांची यादी ऐंशींची. तीत पोल्का आहे. अभंग, गौळण, भारूड अर्थातच नाही. विंचवाचे भारूड गाणाऱ्या शाहीर साबळ्यांना आम्ही 'इतर'मध्ये टाकले. पुढच्या आवृत्तीत शब्द लिहिणाऱ्यासाठीही एक खण निर्माण झाला, पण आमच्या यंत्राचा पडदा तो दाखवीत नाही. म्हणजे कवीला घर मिळाले, दारावर पाटी मिळाली नाही.

फाइलीच्या शेवटी नाव लिहिण्याची ही युक्ती वाचून आम्ही मात्र चमकलो. आमच्या संतांनी हेच केले होते. अभंग तोंडोतोंडी जाणार, गाणारा बदलणार, चाल बदलणार, गाव बदलणार. तेव्हा नाव रचनेच्या बाहेर ठेवून भागणार नाही, ते शेवटच्या चरणातच विणले पाहिजे. वर्गात नाममुद्रा शिकवताना आम्ही तिला इतकी वर्षे नम्रतेची खूण म्हणत आलो. ती नम्रता असेलही, पण त्याआधी ती नोंद आहे. 'एका जनार्दनी' या दोन शब्दांत शिष्य आणि गुरू अशी दोघांची नावे आहेत. पैठण आहे आणि जनार्दनस्वामींची देवगिरीही आहे. अशी नोंद खोटीही करता येते. तुकोबांची मुद्रा लावून किती हौशी लोक अभंगकार झाले, हे गाथेच्या संपादकांना विचारावे. नाथ हे जाणून असावेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपल्या ओव्या घुसडू पाहणाऱ्यांना चांगली ताकीद देऊन ठेवली.

हे सारे आम्हाला शास्त्र म्हणून सुचले नाही. एका कॅसेटमुळे सुचले.

आमच्या वडिलांनी १९८६ साली उसना टेपरेकॉर्डर आणून आईचे गाणे भरून ठेवले होते. ती समोर बसून गाईना, म्हणून त्यांनी यंत्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवले. त्यामुळे गाण्याआधी स्टोव्ह ऐकू येतो. मग भांडे, बांगड्या आणि नाथांची एक गौळण. आई २००४ मध्ये गेली. २०१० साली ती कॅसेट आम्ही संगणकात उतरवली आणि तिच्यासाठी म्हणून, हे आज कबूल करतो, ते महागडे यंत्र घेतले. साध्या इअरफोनमध्ये स्टोव्हच तेवढा ऐकू येत असे.

गौळण ऐकताना प्रथम आमच्यातला मास्तर जागा झाला. छापील गाथेत जिथे कृष्णाचे एक नाव आहे तिथे आई दुसरेच घेते. पाठभेद म्हणून वहीत टिपून ठेवले. दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात आले की नेमके मुद्रेच्या चरणाशी कॅसेटची बाजू संपते. आई श्वास घेते आणि खट्. वडिलांनी उलट बाजूवर पुढे भरले ते दुसरेच गाणे. म्हणजे या फाइलीत कवीचे नाव रकान्यात नाही आणि गाण्यातही नाही. गाणारीचे नाव आम्ही लिहायचे होते, ते लिहवेना. घरात तिला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. 'कलाकार' या शब्दाखाली ते नाव पाहिले असते तर ती संकोचाने उठून आत गेली असती. रकाना रिकामा राहिला. रकाना रिकामा असला की यंत्र आपल्या मनाने तिथे इंग्रजीत 'अज्ञात कलाकार' असे लिहिते. गेली कित्येक वर्षे आमची आई त्या यादीत याच नावाने आहे, आणि तिच्या सोबतीला कोणा मित्राने दिलेली सनईची एक फाइल आहे.

नाथषष्ठीला, फाल्गुन वद्य षष्ठीस, पैठणात दिंड्या उतरतात तेव्हा घरात थांबवत नाही. अशाच एका षष्ठीला दुपारी घाटाच्या पायरीवर आम्ही तीच गौळण ऐकत होतो. चोहीकडे टाळ वाजत असताना कानात बोंडे घालून बसलेला मनुष्य पाहून शेजारच्या वृद्ध वारकऱ्याला राहवले नसावे.

"काय ऐकू राह्यले, माउली?"

सांगण्यापेक्षा सोपे म्हणून आम्ही एक बोंडूक त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते कानात घातले नाही, कानाशी धरले. स्टोव्हच्या आवाजाला कपाळावर आठी पडली, मग ती गेली. एका कानाने ते ऐकत होते आणि दुसरा हात मांडीवर ठेका धरीत होता. खट् असा आवाज आला, तेव्हा आम्ही सवयीने यंत्राकडे पाहिले. ते थांबले नाहीत. जिथे आईने श्वास घेतला होता तिथूनच त्यांनी शेवटचा चरण उचलला, खालच्या पट्टीत, मुद्रेसकट, आणि पुन्हा ध्रुपदावर येऊन थांबले. आमच्या कानात तोवर भीमसेन सुरू झाले होते. आम्ही बोंडूक काढले.

"आई व्हय तुमची?"

"हो."

"कुठल्या?"

"शेवगावकडच्या."

"मंग बरोबर हाय. तिकडं असंच म्हनतेत." आणि त्यांनी पिशवीतून फडके सोडून दशमीचा अर्धा तुकडा आमच्यापुढे धरला.