जुन्या सप्लायच्या बाजूने

जुन्या आर्केड कॅबिनेटमधला मूळ पॉवर सप्लाय काढून टाकावा आणि त्याजागी नवा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) बसवावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. विचारेल त्याला मी हेच सांगत असे. आता सांगत नाही. मत का पालटलं, ते इथे मोकळेपणाने मांडतो.

त्या मतामागे कारणं होती आणि ती आजही खोटी ठरलेली नाहीत. मी राहतो त्या अमेरिकेत अशी जुनी कॅबिनेटं अजून हौशी लोकांच्या तळघरांत आणि गॅरेजांत सापडतात. अटारीचं 1979 सालचं ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ घ्या. तळाशी जडशीळ ट्रान्सफॉर्मर, त्याच्याजवळ सुमारे 27,000 मायक्रोफॅरडचा मोठा निळा कपॅसिटर, आणि वेगळा एक बोर्ड, ज्यावर व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किटही (रेग्युलेटर) आहे आणि आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरही. सगळं चाळीस वर्षांहून जुनं आणि तापणारं. एसएमपीएस मात्र हलका, स्वस्त आणि सहज मिळणारा. गेम चालू झाला की काम झालं, असं मला वाटे.

हा विचार बदलला तो मल्टिमीटरमुळे. अशा कॅबिनेटची नेहमीची तक्रार म्हणजे गेम सुरू होतो आणि मध्येच आपोआप रीसेट होतो. सप्लायच्या टोकाला मोजलं तर 5.1 व्होल्ट, पण गेम बोर्डावर चिपच्या पायांशी मोजलं तर 4.7. त्या काळच्या टीटीएल चिपांना 4.75 ते 5.25 व्होल्ट लागतात. म्हणजे सप्लाय आपलं काम चोख करतोय, आणि 0.4 व्होल्ट वाटेतच हरवताहेत.

हरवतात कुठे, तर बहुतेक वेळा एज कनेक्टरमध्ये. बोर्डाच्या कडेवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना कनेक्टरच्या पिना घट्ट भिडायला हव्यात. तिथे कळकटपणा आला, पिना ढिल्या पडल्या, की रोध वाढतो. 5 अँपिअर करंट वाहत असताना 0.08 ओहम रोध असला तरी 0.4 व्होल्ट जातात आणि त्या जागी 2 वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने पिनेचा ताण आणखी कमी होतो, रोध आणखी वाढतो, आणि एक दिवस कनेक्टर काळा पडतो.

आता इथे एसएमपीएस बसवला तर काय होतं? त्याचा स्क्रू फिरवून व्होल्टेज 5.4 पर्यंत चढवलं की गेम चालतो. दुखणं मात्र तिथेच राहतं आणि कनेक्टर जळतच जातो. पुढे कोणी तो कनेक्टर साफ केला, तर तेच वाढवलेलं व्होल्टेज थेट चिपांवर येतं. सप्लाय बाजारात पुन्हा मिळेल, पण कड जळालेला मूळ गेम बोर्ड आज कुठलाही कारखाना बनवत नाही.

अटारीच्या इंजिनिअरांनी या तुटीचा विचार आधीच केला होता, हे कळल्यावर मला त्या जुन्या रेग्युलेटर बोर्डाबद्दल आदर वाटू लागला. त्यांनी गेम बोर्डापासून रेग्युलेटरपर्यंत दोन वेगळ्या बारीक तारा परत नेल्या. बोर्डावर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचले, हे त्या कळवतात आणि रेग्युलेटर तेवढी भर घालतो. मुख्य पिना खराब झाल्या की करंट या बारीक तारांतून वाट काढतो आणि त्यांच्या वाटेवरचे छोटे रेझिस्टर काळे पडतात. ते काळे रेझिस्टर म्हणजे कनेक्टर तपासा असा निरोप आहे. सप्लाय बदलून टाकला की हा निरोप वाचायला कोणी उरत नाही.

प्रत्येक कंपनीची रचनाही निराळी. 1980 च्या ‘पॅक-मॅन’मध्ये ट्रान्सफॉर्मरकडून साधारण 7 व्होल्ट एसी थेट गेम बोर्डावर जातो आणि त्याचा डीसी बोर्डावरच होतो. विल्यम्सच्या ‘डिफेंडर’मधल्या 4116 मेमरी चिपांना +12, +5 आणि −5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात. −5 नसताना बाकीचे दोन चालू राहिले तर त्या चिपा मरतात. सगळ्यांवर एकच इलाज सांगणं म्हणूनच मला आता पटत नाही.

दोन गोष्टींत माझं मत आहे तेच आहे. 1985 मध्ये आलेल्या जामा या वायरिंग पद्धतीच्या कॅबिनेटांत एसएमपीएस हाच रुळलेला सप्लाय असतो, तिथे वादच नाही. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत जुनेपणाचा आग्रह धरू नये. प्लगची अर्थिंगची तिसरी पिन तुटलेली वायर बदलाच, कारण कॅबिनेटचे धातूचे भाग खेळणाऱ्याच्या हाताला लागतात. अनेक रंगीत मॉनिटरांना लागणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कधीही वगळू नका. पिक्चर ट्यूबवर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो. ते काम माहीत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

तुमच्याकडे असं कॅबिनेट असेल तर नवा सप्लाय मागवण्याआधी 5 व्होल्ट दोन ठिकाणी मोजा, आधी सप्लायवर आणि मग गेम बोर्डावर. फरक दिसला तर कनेक्टरच्या पिना बदला, बोर्डाची कड स्वच्छ करा, सुकलेला कपॅसिटर बदला. एवढ्यावर बहुतेक मूळ सप्लाय पुन्हा उभे राहतात. तेवढी संधी त्यांना द्या.