आजच्यापुरता नियम



दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत कितीतरी बायका दहा दिवस एकाशन करतात. काही जणी तर दहाही दिवस निव्वळ उपवास. आणि क्षमावाणी होऊन पंधरा दिवस झाले की त्यांच्याच तोंडी ऐकू येतं, "चालणं सुटलं गं, गोड काही कमी होत नाही." दहा दिवस पाण्यावर राहणाऱ्या बाईला रोजचा अर्धा तास का जमत नाही, याचं मला फार नवल वाटायचं.

आता वाटत नाही. पर्वाला सुरुवात असते, शेवट असतो, सगळा समाज बरोबर असतो. त्या दिवसांत घरात कुणी भजी तळत नाही. रोजच्या पथ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का. त्यांना गेल्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात-गोड कमी करायला सांगितलं आणि रोज अर्धा तास चालायला. दिवाळीनंतर आक्का 19 दिवस नेमाने चालल्या. मग भाचीचं लग्न आलं. घर रात्री न जेवणारं, पण त्याची भरपाई दुपारच्या पंगतीने झाली. चार दिवसांनी परत आल्या तशा त्यांच्या चपला कोपऱ्यात पडून राहिल्या. "आता मोडलंच की," एवढंच म्हणायच्या.

हे "मोडलंच की" चार दिवसांच्या जिलेबीपेक्षा महाग पडतं. आचार्य अमितगतींच्या सामायिक पाठात दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. माझ्या स्वयंपाकघरी भाषेत सांगायचं तर मन जिलेबीकडे गेलं हा अतिक्रम, कुंपण ओलांडून पाय तिकडे वळले हा व्यतिक्रम, एक तुकडा खाल्ला हा अतिचार; आणि "आता खाल्लीच आहे तर" म्हणून ताट भरून घेतलं, तो अनाचार. पहिल्या तीन पायऱ्यांवरून माणूस संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतो आणि मागे फिरतो. व्रतात दोष लागणार, हे धरूनच ही सोय केलेली आहे. आपण मात्र वजनकाट्यापुढे तिसऱ्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारतो.

मी आक्कांना दुसरी गोष्ट सांगितली ती समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातली. तिथे त्यागाचे दोन प्रकार आहेत. जन्मभराचा तो यम, मुदतीचा तो नियम. आणि मुदत किती? आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू. म्हणजे एका दिवसाचा त्यागही त्यागच. आक्कांनी "आयुष्यभर गोड बंद" ठरवलं होतं. ते सोडून रोज सकाळी दर्शन झालं की "आज गोडाचा त्याग" एवढंच त्या म्हणू लागल्या.

याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. पंगतीत "मला साखर आहे" म्हटलं की लगेच "एका घासानं काय होतंय!" सुरू होतं. "आज त्याग आहे" म्हटलं की वाढणाऱ्याचा हात तिथेच थांबतो. आपल्या माणसांना आजार पटत नाही, त्याग पटतो. आहे ते असं आहे.

डॉक्टरांकडूनही धीर मिळाला. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी असते ना, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यात लग्नाचे चार दिवस ते किती! चालण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान 150 मिनिटं सांगते ती आठवड्याची. मंगळवार बुडाला तर शनिवार आहे.

पावसाळ्यात पुन्हा खंड पडला. मैदानावर ओलं गवत, त्यात किती जीव! तिथे पाय ठेवायला आक्का तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग जेवणानंतर दहा-दहा मिनिटं सोप्यात फेऱ्या, णमोकार म्हणत. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते, त्यामुळे डॉक्टरांनाही ते चाललं.

एक मात्र आवर्जून सांगते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास, एकाशन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. सूर्यास्ताआधी जेवण आणि मग सकाळपर्यंत काही नाही, हेही त्यांना सांगा. आक्कांच्या गोळीची वेळ त्यामुळे बदलली. यंदा दशलक्षणात त्यांनी उपवास न करता ऊनोदर केलं, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी. आधी त्यांना कमीपणा वाटला. पण बाह्य तपांत अनशनाच्या शेजारीच ते सांगितलेलं आहे, आणि समोर ताट असताना हात आखडणं मला तरी जास्त अवघड वाटतं.

साखर थोडी उतरलीय. वजन हट्टी आहे, हललेलं नाही.

पुढच्या महिन्यात सांगलीला पुन्हा एक लग्न आहे. आक्कांनी आत्ताच फोन करून विचारलंय, हॉलला गच्ची आहे का.