मर्सीतीरावरील एक एकत्र कुटुंब

मर्सी नदीच्या मुखाशीं लिव्हरपूल हें जुनें बंदर आहे. मँचेस्टर येथें चिरंजीवांकडे मुक्काम असतां आम्ही एक दिवस तें पाहून आलों. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांस रॉक संगीताचें अगत्य तें किती असणार! तरी तेथील ‘बीटल्स’ या चौकडीची हकीकत वाचकांस निवेदन करावीशी वाटते. कारण ती एका एकत्र कुटुंबाचीच हकीकत आहे.

वूल्टन भागांत सेंट पीटर्स हें तांबड्या दगडाचें चर्च आहे. तेथील जत्रेंत ६ जुलै १९५७ रोजीं सोळा वर्षांचा जॉन लेनन व पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी यांची गांठ पडली. पॉलची आई आदल्या वर्षींच निवर्तली होती. जॉनची आई पुढच्या वर्षीं मोटारीखालीं सांपडून गेली. फोर्थलिन रस्त्यावरील पॉलचें लहानसें घर आतां ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेनें जतन केलें आहे. त्या घरीं हीं दोन आईवेगळीं मुलें गीतें रचीत बसत. गीत एकट्याचें असलें तरी त्यावर दोघांचेंही नांव घालावयाचें, असा त्यांचा ठराव होता.

पुढें १९५८ सालीं जॉर्ज हॅरिसन व १९६२ सालीं रिंगो स्टार येऊन मिळाले. मॅथ्यू स्ट्रीट या बोळांत ‘कॅव्हर्न’ नांवाचें तळघर आहे. मूळचें १९७३ सालीं बुजविलें गेलें. आम्ही पायऱ्या उतरून पाहिलें तें १९८४ सालीं पुन्हां बांधलेलें. त्या जुन्या तळघरांत १९६१ ते १९६३ या काळांत त्यांचे सुमारें तीनशें जलसे झाले. १९६१ च्या नोव्हेंबरांत ब्रायन एप्स्टाइन हा ध्वनिमुद्रिकांचा तरुण दुकानदार तेथें आला, आणि या कुटुंबास कर्ता लाभला. त्यानें मुलांस नीटनेटका पोशाख दिला व करारमदार सांभाळले. १९६४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत सुमारें सात कोटी लोकांनीं त्यांस दूरचित्रवाणीवर पाहिलें!

२७ ऑगस्ट १९६७ रोजीं हा कर्ता अवघा बत्तीस वर्षांचा असतां वारला. पुढल्या वर्षीं चौघे आपल्या हृषीकेशास महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत ध्यान शिकावयास आले. तेथें गीतें पुष्कळ झालीं. परंतु व्यवहार कोणीं पाहावा, हा प्रश्न तसाच राहिला. पॉलला आपले सासरे व मेहुणे हवे होते. उरलेल्या तिघांस ॲलन क्लाइन नामक अमेरिकन गृहस्थ. अखेर ३१ डिसेंबर १९७० रोजीं पॉलनें भागीदारी मोडण्यासाठीं लंडनच्या न्यायालयांत दावा लावला. सासरचीं माणसें, मुखत्यार आणि कोर्ट! हा क्रम आपल्यांपैकीं कोणास अपरिचित आहे?

१९८० सालीं न्यूयॉर्क येथें जॉनची हत्या झाली, आणि चौघांनीं पुन्हां एकत्र गाण्याची आशा कायमची मावळली. भागीदारी मोडली, तरी त्या जुन्या गीतांवरील दोघांचें जोडनांव आजही तसेंच आहे. मुलांचा एक साधा ठराव टिकला; मोठेपणींचा हिशेब मात्र जुळला नाहीं. कर्ता हयात आहे तोंवरच घरांत चार गोष्टी मोकळेपणानें बोलून ठेवाव्या, एवढेंच आम्ही सुचवितों.