अजून कुणीतरी धरून ठेवलंय

हीप डंप वाचायचं काम टीममध्ये कुणालाच नको असतं. मला मात्र ते मनापासून आवडतं. चालत्या प्रोग्रामच्या मेमरीत त्या घटकेला कोणकोणते ऑब्जेक्ट होते आणि कोण कोणाला धरून होतं, ते सगळं त्यात सापडतं. जावातली एखादी विंडो बंद होऊनही मेमरीत का बसलीय? तिला धरून कोण आहे ते बघायचं, मग त्याला धरून कोण, असं करत मुळापर्यंत जायचं. बहुतेकदा शेवटी भेटतो एखादा स्टॅटिक मॅप, कुणीतरी ‘कॅशे’ म्हणून ठेवलेला आणि मग विसरलेला. नाहीतर लिसनरची यादी: उघडताना नोंद केली, बंद करताना काढायची राहिली.

यात गार्बेज कलेक्टरचा काडीचाही दोष नसतो. जॉन मॅकार्थी यांनी 1960 च्या लिस्पवरील निबंधात गार्बेज कलेक्शनची युक्ती मांडली, तेव्हापासून कलेक्टर एवढंच तपासतो, की मुळांपासून निघून इथवर पोचता येतं का? येत नसेल तर जागा मोकळी. ते ऑब्जेक्ट आता कुणाला हवंय का, हे त्याला कळायला मार्गच नाही. ते फक्त आपल्याला माहीत असतं, आणि कोडमध्ये लिहायचं आपण टाळतो. वीक रेफरन्स हे लिहिण्याची एक रीत आहे: ओळख ठेवतो, पण माझ्यासाठी थांबू नकोस. तिथेही गंमत आहेच. वीकहॅशमॅपमध्ये की सैल धरलेली असते, व्हॅल्यू मात्र घट्ट; आणि त्या व्हॅल्यूनेच आपल्या कीला धरलं, की नोंद कायमची मुक्कामाला.

फाइल, सॉकेट, डेटाबेस कनेक्शन यांचं दुखणं वेगळं. कलेक्टर जागा होतो तो मेमरी भरत आली की. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा 1024 फाइल उघडता येतात. ती मर्यादा संपते तेव्हा मेमरी अर्धीअधिक रिकामी असू शकते, आणि कलेक्टर निवांत. म्हणूनच ऑब्जेक्ट गोळा होण्याआधी सफाईसाठी चालणाऱ्या जावाच्या फायनलाइझवर मी कधी विश्वास टाकला नाही. ते कधी चालेल, चालेल की नाही, कशाचीच हमी नाही. शिवाय त्याच्या आतून मरणारं ऑब्जेक्ट स्वतःला पुन्हा कुठेतरी अडकवून जिवंत होऊ शकतं. 2017 साली जावा 9 मध्ये ते नापसंत ठरलं, 2022 मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेलं. उशीरच झाला म्हणायचा.

पायथनवाल्यांना सीपायथनने, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरने, लाडावून ठेवलंय. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स मोजले जातात. शेवटचा सुटला की फाइल तिथल्या तिथे बंद. तोच कोड पायपाय या दुसऱ्या इंटरप्रिटरवर चालवा: तिथे मोजणी नाही, म्हणून फाइल कलेक्टरची पुढची फेरी येईपर्यंत उघडीच. काम संपताच फाइल बंद करणारी ‘विथ’ची एक ओळ लिहायला एवढं काय जड जातं, मला कळत नाही.

फायनलाइझच्या जागी जावाने क्लीनर दिला. तो बरा आहे, पण सफाईसाठी दिलेल्या लॅम्डाने चुकून ‘धिस’ पकडला, तर क्लीनर लॅम्डाला धरतो, लॅम्डा ऑब्जेक्टला, आणि सफाईची वेळ कधीच येत नाही. कोड रिव्ह्यूत क्लीनर दिसला, की मी आधी तेवढंच बघतो.