वाचता येईल, लिहिता येणार नाही

दिवाळी उरकल्यानंतरच्या रविवारी दुपारी आईचा संगणक माझ्या हातून बंद पडला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी उमटल्या होत्या. असं कुठलंही पार्टिशन नाही, असं त्यातली एक ओळ सांगत होती. शेवटच्या ओळीत ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच होतं आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. मी ‘हेल्प’ टाइप केलं. उत्तर आलं, ही आज्ञा ओळखीची नाही. स्वतःला ‘रेस्क्यू’ म्हणवणाऱ्याला ‘हेल्प’ कळू नये, याचं एरवी मला हसू आलं असतं.

आई आतल्या खोलीत झोपली होती. “तुझ्या फायलींना काही होणार नाही,” असं मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

आमचं घर इंदूरचं, तीन पिढ्यांचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आई एका सरकारी कचेरीत हिंदी टायपिस्ट होती. निवृत्तीनंतर घरी संगणक आला तेव्हा तिने त्यावर टाइपरायटरचीच बोटं चालवली. बाबा गेल्यावर, २०१४ पासून, ती रोज दुपारी काहीतरी लिहीत असे. मराठीत. तिच्या भाषेत त्या ‘वह्या’. मधूनमधून विचारायची, “वाचतेस का गं?” मी म्हणायची, “वेळ मिळाला की वाचते.” माझा व्यवसाय अनुवादाचा. परक्यांच्या हस्तलिखितांतल्या स्वल्पविरामांसाठी मी रात्री जागवलेल्या आहेत. आईची एकही वही मी उघडलेली नव्हती.

लिनक्सचा घाट घालण्याचं कारण साधं होतं. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आईचं यंत्र २०१२ चं, पुढची आवृत्ती त्यावर अधिकृतपणे चालत नाही. “लिनक्स मिंट टाक ना मावशी, मस्त पळेल,” असं पुण्याचा भाचा म्हणाला. मी पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घेतलं, आईच्या डी ड्राइव्हमधली साठ जीबी जागा मोकळी केली आणि तिथे ते बसवलं. बॅकअप घेतला नाही. घ्यायचा असतो हे मला माहीत होतं. आधी यंत्र नीट चालू दे, मग घेऊ, असं मनाशी म्हटलं होतं.

इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याची पाटी आली. पण यंत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा मिंटचं चिन्ह दिसलं आणि पडदा काळा पडला. तीनदा असंच झालं. मी वैतागले. विंडोज सुरू करून लिनक्सचं पार्टिशनच पुसून टाकलं, म्हटलं पहिल्यापासून करू. पुन्हा सुरू केल्यावर तो ‘ग्रब रेस्क्यू’ समोर आला. आता लिनक्सही नाही आणि विंडोजही नाही.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, घाबरू नकोस. आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाच.”

मी सारांश सांगू लागले. त्याने थांबवलं. “सारांश नको. शब्द वाच.”

हे वाक्य मी कार्यशाळांमध्ये विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. निमूटपणे शब्द वाचले. मग त्याने समजावलं. यंत्र चालू झालं की कुठली प्रणाली उठवायची हे ठरवणारा छोटा कार्यक्रम म्हणजे ग्रब. लिनक्स बसवताना त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला जाऊन बसतो. बाकीचा ऐवज, म्हणजे यादी आणि बाकीची साधनं, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये राहतो. ते पार्टिशन मी पुसलं होतं. दारावरचा माणूस जागेवर होता, पण ज्या खोलीत चाव्या ठेवल्या होत्या ती खोलीच गेली होती. त्यामुळे ‘असं पार्टिशन नाही’ हे अक्षरशः खरं होतं. मी मात्र ते वाचलं होतं ‘सगळं गेलं’ असं.

त्याने ‘एलएस’ ही दोन अक्षरं टाइप करायला लावली. डिस्कवरची पार्टिशनं कंसात एकेक दिसू लागली. आईची फाइल-जागा त्यात असावी. पण ग्रबला ती उघडता येईना; विंडोजची मांडणी वाचायचं त्याचं साधनही पुसलेल्या खोलीतच होतं.

मग पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू केलं. डिस्कवर काहीही न बसवता ते असं चालवता येतं. पडदा पुन्हा काळा पडू नये म्हणून सुरू होतानाच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला. ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला जाऊ नकोस, साध्या चित्रावर भागव, असा त्याचा अर्थ. सकाळीच हा एक शब्द शोधला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. डी ड्राइव्हवर क्लिक केलं. विंडोज पूर्णपणे बंद झालेलं नाही, अर्धवट झोपेत आहे, तेव्हा हा ड्राइव्ह फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशा अर्थाची सूचना आली. मला त्या क्षणी वाचण्यापलीकडे काही नकोच होतं. ‘वह्या’ नावाचा फोल्डर तिथे होता. एक्केचाळीस फायली. दोन पेन ड्राइव्हवर त्यांच्या प्रती काढल्या आणि मगच खुर्चीला पाठ टेकली.

पहिली फाइल उघडली, तर त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा नुसता चिवडा. फाइल बिघडली असं वाटून पोटात गोळा आला. पण या वेळी मी शब्द वाचले. वरच्याच ओळीत व्ही, के, बी, झेड अशी चार रोमन अक्षरं एकत्र होती, आणि मला ती ओळखता आली. हिंदी पट्ट्यात घरोघरी असलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये ही चार अक्षरं ‘आई’ अशी दिसतात. फाइलमध्ये साठवलेलं असतं रोमन. फॉन्ट त्याला देवनागरीचा चेहरा चढवतो. मिंटमध्ये तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे चेहरा उतरला होता एवढंच.

देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले ते १९९१ मध्ये, पहिल्याच आवृत्तीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्सने, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं होतं. तीच पुढे लिनक्स झाली. या दोन्ही गोष्टी आईच्या टेबलापर्यंत पोचायला चौतीस वर्षं लागली.

संध्याकाळी मिंट नव्याने बसवलं. ग्रबही नव्याने लिहिला गेला आणि त्याच्या यादीत विंडोज परत दिसलं. कृतिदेवचं युनिकोड करून देणारं एक फुकट साधन मिळालं. पण रूपांतर धडपणे होत नव्हतं. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. हा क्रम फिरवताना जोडाक्षरांपाशी गोंधळ होई. आणि मराठीचा ‘ऱ्य’ तर सगळीकडे हरवला होता. मामाच्या लग्नाच्या वर्णनात आजोबांनी आचार्यांना पुऱ्या तळायला बसवलं होतं.

आईला उठवून सगळं सांगितलं. ती आधी फायली मोजून आली, मग आचार्यांना खूप हसली. तेव्हापासून रोज रात्री आम्ही दोघी एकेक वही दुरुस्त करतो. मी मोठ्याने वाचते, ती ऐकते. मला ठाऊक नसलेली पुष्कळ माणसं त्या वह्यांमध्ये आहेत. तिने नोकरी सोडावी म्हणून बाबांनी सहा महिने धरलेला अबोला आहे. मी तेव्हा दोन वर्षांची होते.

परवा एका ओळीत ‘आम्ही वापस आलो’ असं होतं. हात सवयीने पुढे गेला आणि मी ‘परत’ केलं.

“काय बदललंस?” आईने विचारलं.

“वापसचं परत केलं. चुकलं होतं.”

“ते मशीनने नाही चुकवलेलं, मी लिहिलंय. आपण इंदूरचे लोक वापसच येतो. राहू दे तसं.”

मी पुन्हा ‘वापस’ टाइप केलं आणि पुढची ओळ वाचू लागले.